मिहानमधली इंटर्नशिप: स्कूटी की मेट्रो?

मे महिन्यात नागपुरात ४५ डिग्री म्हणजे काही नवल नाही, तरी पहिले दोन आठवडे मी धरमपेठहून मिहानला, म्हणजे विमानतळाजवळच्या आयटी-उद्योगांच्या भागात, इंटर्नशिपला स्कूटीनेच गेलो. तोंडाला दुपट्टा, आईने खिशात कोंबलेला कांदा, आणि वर्धा रोडच्या सिग्नलवर सीट इतकी तापून राहिली होती की बसवत नव्हतं. ऑफिसात पोहोचून अर्धा तास डोकंच चालायचं नाही, कोड काय डोंबल लिहिणार. फायदा एकच, संध्याकाळी सुटलो की थेट फुटाळा तलावावर, कोणाची वाट पाहायची नाही.

मग मेट्रो धरली. सीताबर्डीला ऑरेंज लाइन पकडायची, खापरीला उतरायचं, तिथून पुढे शेअर ऑटो. एसीत बसून पुस्तक वाचून होते, खरंच, वर्षभर पडून राहिलेलं पुस्तक मी याच प्रवासात संपवलं. पण खापरीला भर उन्हात ऑटोची वाट पाहणं लय जीवावर येते, आणि बर्डीहून घरी जायला परत वेगळं काहीतरी बघावं लागते.

माझं मत विचाराल तर सोमवार ते गुरुवार मेट्रोच. शुक्रवारी मात्र स्कूटी काढतो, कारण त्या दिवशी मित्रांसोबत फुटाळ्याच्या काठावर बसून भुट्टा खायचा असतो अन् घरी जायची घाई नसते.