जुन्या स्विफ्टचं १.३ पेट्रोल, त्यावर टर्बो: एक कापूस हंगाम आणि एक उन्हाळा वापरल्यावर

नागपूरच्या एका वर्कशॉपने टर्बो बसवलेल्या स्विफ्टचा इनटेक तापमानाचा (इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान सांगणारा) सेन्सर खराब ठरवला, बदलला, बिल घेतलं. आणि पहिल्याच फेरीत आकडा पुन्हा ७० अंशांवर. जुना सेन्सर बरोबरच सांगत होता. इंटरकूलर (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी) आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत रुई गच्च बसली होती, आणि बंपर उतरवायचे कष्ट कोणी घेतले नव्हते. शेतातल्या ऑटोक्रॉससाठी (कच्च्या मैदानावर आखलेल्या छोट्या फेरीची वेळेची शर्यत) छोट्या गाडीला टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा दाबणारा पंप, लावायचा विचार असेल तर इंजिन निवडण्याआधी हे वाचा.

बलेनो आरएसचं १.० बूस्टरजेट कागदावर सगळ्यांत भारी: १०२ पीएस, १५० एनएम, टर्बो कंपनीचाच. पण ते डायरेक्ट इंजेक्शनचं, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये मारणारं. हाय प्रेशर पंप चालवणारा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) महाग, वायरिंग आणि इमोबिलायझर (चोरी रोखणारं किल्लीचं लॉक) सकट सगळं उचलावं लागतं, आणि ती गाडी २०१७ ते २०२० एवढीच विकली गेली, त्यामुळे भंगारात इंजिन सहज मिळत नाही. स्विफ्टचं १.२ के सीरीज हलकं आहे, टायमिंग चेनचं आहे, पण कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती दाबलं जातं ते) जास्त. तालुक्याच्या पंपावरच्या साध्या पेट्रोलवर बूस्ट (टर्बोचा जादा हवेचा दाब) दिला की लवकर नॉक करतं, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून इंजिन खडखडतं. २००५ ते २०१० च्या स्विफ्टमधलं १२९८ सीसीचं १.३ म्हणूनच बरं. कंपनीची ताकद ८७ अश्वशक्ती, ०.५ बार बूस्टला ती १२० च्या आसपास जाते. पार्ट तालुक्याला मिळतात, आणि हेड उघडणारा मिस्त्री आर्णी-पांढरकवड्यातही सापडतो. टर्बो बसवायच्या आधीच टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप बदलून घ्या, नंतर तिथे हात जात नाही.

टर्बो घेताना १.३ डिझेलचा भंगारातला टर्बो स्वस्तात गळ्यात मारतात. घेऊ नका. डिझेलचा एक्झॉस्ट साधारण ८०० अंशांपर्यंत जातो, पेट्रोलचा ९५० च्या पुढे. डिझेल टर्बाइनची धातू तेवढ्यासाठी बनवलेली नसते. बहुतेक डिझेल टर्बोंना थंड करायला पाण्याची वाटही नसते. मे महिन्यात फेरी संपवून इंजिन बंद केलं की आत उरलेलं ऑइल जळून कोळसा होतं आणि बेअरिंग धरतं. पाण्याची वाट असलेला, पेट्रोल गाडीवरचाच छोटा टर्बो शोधा. ऑइल परतीची नळी आतून किमान १२ मिमी हवी, सरळ उताराची, आणि संपमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतल्या) ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेली. नळी दबली की टर्बोचं सील चांगलं असूनही निळा धूर येतो आणि लोक नवा टर्बो विकत घेतात.

इंजेक्टरचा हिशोब: १२० अश्वशक्तीला चार इंजेक्टर धरले तर प्रत्येकी मिनिटाला साधारण २४० सीसी. ई२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) त्यावर ७-८ टक्के जास्त लागतं, म्हणून २८० सीसीच्या खाली जाऊ नका. ट्यूनिंग लॅम्ब्डावर करा (हवा-पेट्रोलचं माप, १ म्हणजे अचूक प्रमाण, त्याखाली पेट्रोल जास्त), पूर्ण बूस्टला ०.८० च्या आसपास. जुन्या तक्त्यातले हवा-पेट्रोल प्रमाणाचे १४.७ चे आकडे ई२० ला लागू होत नाहीत. स्पार्क प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारा), बीकेआर७ई, गॅप १.१ मिमीवरून ०.७ वर. गॅप तसाच ठेवला तर बूस्टमध्ये ठिणगी विझते आणि दोष कॉइलवर जातो.

आता रुई. ४५ अंशांची हवा ०.५ बारला दाबली की कॉम्प्रेसरमधून ती १०० अंशांच्या पुढे निघते. सगळा भार इंटरकूलरवर, आणि ऑटोक्रॉसमध्ये वेग कमी म्हणून हवाही कमी. सोयाबीन निघालेल्या शेतात फेऱ्या मारायच्या तर धुऱ्यापलीकडे कपाशीची वेचणी सुरूच असते. रुई उडते, दवाने ओली होते, काळ्या मातीची धूळ धरते आणि इंटरकूलरच्या पातळ पत्र्यांवर (फिन्सवर) गादीसारखा थर बसतो. समोरून बघितलं तर इंटरकूलर स्वच्छ दिसतो. थर मागच्या फटीत असतो. बंपर काढा, कॉम्प्रेसरची हवा इंजिनाच्या बाजूने बाहेर मारा, मग कमी दाबाचं पाणी. प्रेशर वॉशर मारला की फिन्स दुमडतात आणि ते सरळ करायला अख्खी दुपार जाते. फटीच्या कडा फोमने बंद करा, नाहीतर हवा बाजूने पळते. ग्रिलमागे काढता येणारी बारीक जाळी वेचणीपुरती लावा, मार्चमध्ये काढून टाका. उन्हाळ्यात ती हवा अडवते.

पावसाळ्यानंतर लगेच विचारलं असतं तर पाण्याने थंड होणारा इंटरकूलर मी फालतू खर्च म्हटला असता. रुई बघून मत फिरलं होतं: आठ-दहा लिटर पाणी दोन मिनिटांची फेरी आरामात पेलतं. मे महिन्याने पुन्हा फिरवलं. उभ्या गाडीत ते पाणीच ५० च्या पुढे तापतं, वर एक पंप वाढतो. त्यापेक्षा जाळी आणि साफसफाई स्वस्त पडते.

एअर फिल्टर कंपनीच्या डब्यातला कागदीच ठेवा. बॉनेटखालचा उघडा कोन फिल्टर इंजिनाचीच गरम हवा ओढतो, आणि वणी-घुग्घुसकडे कोळशाची भुकटी त्याच्या तेल लावलेल्या जाळीतून आत जाते. ती कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा घासते, आणि बूस्ट का कमी झाला हे कळेपर्यंत पिस्टन रिंगही गेलेल्या असतात.