पेन्शनीवर येताना: ईसीएचएसवर भागेल की मेडिक्लेमही काढावा?

सतरा-अठरा वर्षं सैन्यात नोकरी करून हवालदार म्हणून घरी येणारा माणूस चाळिशीच्या आतबाहेर असतो. आईवडील थकलेले, मुलं शाळा-कॉलेजात. घर, शेत, दुसरी नोकरी यावर महिनोन्महिने बोलणं होतं. दवाखाना आणि शिष्यवृत्ती मागे पडते. आणि नेमकी तीच कामं डिस्चार्जच्या आधी करून ठेवायची असतात.

१ एप्रिल २००३ नंतर पेन्शनीवर आलेल्यांना ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची सरकारी आरोग्य योजना, सक्तीची आहे. हवालदारापर्यंत ३०,०००, जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) ६७,००० आणि अधिकाऱ्यांना १,२०,००० रुपये एकदाच भरावे लागतात. त्यामुळे ठरवायचं एवढंच, की जोडीला मेडिक्लेम काढायचा का.

आजाराच्या बाबतीत ईसीएचएसला तोड नाही. जुना बीपी, शुगर, हृदयविकार, काहीही असो, पहिल्या दिवसापासून उपचार मिळतात आणि खर्चाला कमाल मर्यादा नाही. मेडिक्लेममध्ये आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि वयाबरोबर हप्ता चढत जातो. शिवाय दर महिन्याच्या गोळ्या ईसीएचएसच्या दवाखान्यातून, म्हणजे पॉलिक्लिनिकमधून मिळतात. साध्या मेडिक्लेममध्ये तो खर्च सहसा बसतच नाही. ठरलेल्या उत्पन्नमर्यादेत बसणारे आईवडीलही ईसीएचएसमध्ये येतात. साठी ओलांडलेल्या आईवडिलांचा मेडिक्लेम काढायला गेलात की हप्त्याचा आकडा पाहूनच फरक कळतो.

ईसीएचएसची दुखरी बाजू म्हणजे अंतर. आधी पॉलिक्लिनिक, तिथून रेफरल (पुढे पाठवण्याची चिठ्ठी), मग योजनेच्या यादीतलं हॉस्पिटल. पुणे, सातारा, कोल्हापूर शहरात राहणाऱ्याला हे जमतं. पाटण किंवा चंदगडच्या आतल्या वाडीवरून पेशंटला घेऊन निघायचं तर सगळा दिवस जातो, आणि औषध शिल्लक नसेल तर पुन्हा हेलपाटा. रात्री-अपरात्री जिवावर बेतलं तर जवळच्या कुठल्याही हॉस्पिटलात दाखल करता येतं. मात्र ते यादीत नसेल तर ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवायचं, बिल आधी स्वतः भरायचं आणि परतावा नंतर सरकारी दराने घ्यायचा. हॉस्पिटलचा दर आणि सरकारी दर यातला फरक आपल्याच खिशातून जातो.

म्हणून माझं मत असं: यादीतलं हॉस्पिटल तासाभरात गाठता येत असेल तर मेडिक्लेम काढू नका, ते पैसे बाजूला ठेवा. गाव त्याहून लांब असेल तर फक्त नवरा-बायको-मुलांचा एक फॅमिली फ्लोटर (सगळ्यांचा मिळून एकच मेडिक्लेम) काढा. आईवडिलांना ईसीएचएसवरच राहू द्या. वडील सत्तरीपुढचे असतील तर त्यांना आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कार्डही काढता येतं, पण ईसीएचएस आणि ते यांतलं एकच निवडावं लागतं. वरकरणी पाच लाख मोठे वाटले तरी ईसीएचएस सोडू नका. रोजच्या गोळ्या आयुष्मानमध्ये येत नाहीत.

एक गोष्ट मात्र युनिटमध्ये असतानाच तपासा. बायकोचं लग्नाआधीचं नाव सैन्याच्या रेकॉर्डला, लग्नानंतरचं आधारला, तिसरंच पॅनला, अशी अवस्था आपल्याकडे घरोघरी असते. बायकोच्या नावातलं एक अक्षर किंवा मुलाची जन्मतारीख जुळली नाही की ईसीएचएसचं कार्ड अडकतं, आणि पुढे फॅमिली पेन्शनही. पार्ट टू ऑर्डर (रेकॉर्डमधली नोंद बदलणारा युनिटचा आदेश) काढून दुरुस्ती करायला युनिटचा क्लार्क जवळ असतो; घरी आल्यावर तेच काम रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहारात रेंगाळतं.

मुलांच्या शिक्षणासाठी दोन वाटा आहेत. पंतप्रधान शिष्यवृत्ती मुलीला महिना ३,०००, मुलाला २,५०० रुपये देते. पण इंजिनिअरिंग, नर्सिंग, बीसीए अशा व्यावसायिक पदवीलाच, आणि बारावीला किमान ६० टक्के हवेत. अर्ज पहिल्या वर्षीच करायचा असतो, ते वर्ष हुकलं की संधी गेली. मुलगी साधं बीए-बीएस्सी करत असेल तर केंद्रीय सैनिक बोर्डाचं शिक्षण अनुदान बघा: हवालदारापर्यंतच्यांना दोन मुलांसाठी, पहिलीपासून पदवीपर्यंत. नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ते दरमहा १,००० वरून २,००० झालं आहे. ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून घेता येतं.

अग्निवीरांना यातलं फारसं लागू नाही. चार वर्षांनी साधारण ११.७१ लाखांचा सेवानिधी हातात येतो. पेन्शन नाही, ईसीएचएस नाही. त्यांनी मेडिक्लेम पहिल्याच महिन्यात काढावा, तरुण वयात तो स्वस्तही पडतो.

राहिली तुमची स्वतःची पदवी. दहावी आणि १५ वर्षं सेवा असेल तर सरकारी नोकरीत गट 'क'च्या, पदवी मागणाऱ्या पदांना अर्ज करता येतो. क्लार्कची जागा हवी असेल तर तेवढं पुरे. पण पीएसआयसारखं गट 'ब'चं पद किंवा खासगी कंपनी मनात असेल तर तिथे खरी पदवीच मागतात. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा अर्ज नोकरीची तीन वर्षं शिल्लक असतानाच भरा, म्हणजे डिस्चार्ज बुकाबरोबर पदवीही हातात असेल.