एमओजी२ सात महिने वापरल्यावर: उभा राहिलेला माणूस गायब का होतो

एमओजी२ म्हणजे कॅमेऱ्यात नेहमी दिसणारं दृश्य (बॅकग्राउंड) शिकून त्याहून वेगळं काही दिसलं की ते पकडणारं अल्गोरिदम. मागच्या आठवड्यात एक माणूस गेटपाशी येऊन उभा राहिला आणि स्क्रीनवर त्याच्याभोवती असलेली चौकट दोन-अडीच सेकंदांत नाहीशी झाली. माणूस डोळ्यांना दिसतोय, प्रोग्रॅम म्हणतोय काहीच हलत नाहीये, रेकॉर्डिंग बंद. भयंकर चिडलो.

ग्राफिक्स कार्डावर खर्च करायचा नव्हता म्हणून जुन्याच कॉम्प्युटरवर ओपनसीव्ही या व्हिडिओ तपासणाऱ्या लायब्ररीतलं एमओजी२ लावलंय, आणि स्पीडबद्दल आजही तक्रार नाही. सावल्यांनी सुरुवातीला छळलं. एमओजी२ आपल्या काळ्या-पांढऱ्या चित्रात सावली १२७ ने (राखाडी) दाखवतं आणि वस्तू २५५ ने (पांढरी), पण कंटूर (वस्तूची बाह्यरेषा) काढताना शून्य नसलेलं सगळंच धरलं जातं, त्यामुळे माणसाला सावली चिकटून चौकट दुप्पट व्हायची. २०० चा थ्रेशोल्ड लावला, म्हणजे त्याखालचं सगळं शून्य, विषय संपला. रात्री कॅमेऱ्याच्या आयआर (इन्फ्रारेड) दिव्याजवळ किडे येतात, ते लहान ठिपके क्षेत्रफळावरून गाळतो.

पण हे थांबलेल्या माणसाचं प्रकरण डोक्यातून जाईना. हिस्टरी (मागच्या किती फ्रेम धरायच्या तो आकडा) ५००, कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमचा, म्हणजे वीस सेकंद तरी माणूस टिकायला हवा असा माझा हिशोब होता. तो साफ चुकीचा निघाला. ऑटोवर ठेवलं की सुरुवातीच्या फ्रेम गेल्यावर लर्निंग रेट (नवं दृश्य शिकण्याचा वेग) १/५०० म्हणजे ०.००२ वर स्थिरावतो, आणि बॅकग्राउंड रेशो (एकूण वजनाचा किती भाग बॅकग्राउंड धरायचा ते) असतो ०.९. म्हणजे नवा रंग पूर्ण मुरायची वाट कुणी बघत नाही, त्याचं वजन (एकूणातला वाटा) जेमतेम ०.१ झालं की तो बॅकग्राउंडमध्ये जमा. लॉग ०.९ भागिले लॉग ०.९९८ करून बघा, साधारण ५३ फ्रेम येतात. दोन सेकंद! एमओजी२ ज्यावर आधारलंय त्या झिवकोविचच्या २००४ च्या पेपरात हे सूत्र चक्क उदाहरणासकट दिलंय, ०.००१ रेटला १०५ फ्रेम. मी सात महिने नुसता हिस्टरीचा आकडा बघत बसलो होतो.

म्हणून रागाच्या भरात हे अल्गोरिदमच टाकाऊ असं जे मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो ते मागे घेतो.

मग चौकट दिसत असेपर्यंत लर्निंग रेट शून्य करून टाकला. माणूस टिकला, मी खूश. दुसऱ्या दिवशी आधीपासूनच उभी असलेली गाडी निघून गेली आणि मागच्या रिकाम्या जमिनीवरच चौकट बसली, ती संध्याकाळपर्यंत हलेना, कारण शिकणंच बंद असल्यावर खाली जमीन आहे हे त्याला कळणार कसं? यालाच घोस्ट म्हणतात. आता वस्तू दिसली की रेट ०.०००२ करतो, म्हणजे सुमारे ५२७ फ्रेम, एकवीस सेकंद. घोस्टही तेवढ्यात मिटतो. आणि ढग सरकून किंवा दिवा लागून जवळजवळ अख्खी फ्रेम पांढरी, म्हणजे वस्तू, धरली गेली तर उलट रेट वाढवून पटकन शिकू देतो, नाहीतर त्या पांढऱ्या गोंधळालाच वस्तू समजून तो एकवीस सेकंद अडकून पडतो.

काल मी स्वतः गेटपाशी हाताची घडी घालून उभा राहिलो. एकोणीस सेकंद चौकट टिकली. फक्त पॅंट गेटच्याच रंगाची होती, त्यामुळे कमरेखाली काहीच पकडलं गेलं नाही. त्यावर रेट कितीही बदलला तरी फरक पडत नाही, तीन वेळा करून बघितलं.