हॉलो नाइट: नकाशा कमवावा लागतो

सेकंड शिफ्ट संपवून घरी आलो की जेवण उरकतो, हेडफोन लावतो आणि तासभर 'हॉलो नाइट' खेळतो. ॲडलेडच्या टीम चेरी या चिमुकल्या स्टुडिओचा हा २०१७ सालचा गेम.

हॅलोनेस्ट हे कीटकांचं पडीक राज्य. नव्या भागात उतरलात की हाताशी नकाशा नसतो, चाचपडतच पुढे जायचं. मग कुठेतरी जमिनीवर कागद विखुरलेले दिसतात, कुणाचं तरी गुणगुणणं कानावर येतं. आवाजाचा माग काढत गेलं की नकाशे काढणारा कॉर्निफर भेटतो. थोडे जिओ, म्हणजे तिथली नाणी, मोजले की अर्धामुर्धा नकाशा देतो. उरलेला आपण फिरून भरायचा, तोही लेखणी घेतली असेल तर आणि बाकावर बसल्यावरच. म्हणून तर तिथले रस्ते मला गावच्या बोळांइतके पाठ झालेत.

सिटी ऑफ टिअर्समध्ये अखंड पाऊस. जमिनीखालच्या शहरात पाऊस कसा, हे कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं. एका रात्री वर भटकताना ब्लू लेक नावाचं तळं लागलं आणि अंगावर काटा आला. तेच पाणी खाली झिरपतंय! जग रचावं तर असं.

साधा लॅपटॉपही पुरतो, पण कंट्रोलर चांगला हवा. माझ्या जुन्या कंट्रोलरची डावी स्टिक हात न लावता सरकायची. काट्यांवर खिळा (गेममधली आपली तलवार) मारत उड्या घेताना त्यापायी कितीदा तरी मेलो. शेवटी पैसे साठवून नवा घेतला, डी-पॅड, म्हणजे दिशांची बटणं, घट्ट असलेला. त्याच आठवड्यात मँटिस लॉर्ड्स या तगड्या शत्रूंना हरवलं. तिघींनी माझ्यापुढे मान झुकवली.