इव्हँजेलियन: आधी मालिका की थेट सिनेमा?

नेटफ्लिक्सवर 'इव्हँजेलियन' ही १९९५ ची २६ भागांची जपानी ॲनिमेशन मालिका आहे, प्राइम व्हिडिओवर २००७ ते २०२१ या काळात आलेले चार सिनेमे आहेत, आणि दोन्हीकडे तोच चौदा वर्षांचा शिंजी, तो चालवतो ते तेच जांभळं, अजस्र इव्हा यंत्र आणि त्याला सांभाळणाऱ्या वरिष्ठ अधिकारी मिसातोची तीच निळी गाडी. पहिला सिनेमा, म्हणजे 'इव्हँजेलियन १.०', मालिकेच्या पहिल्या सहा भागांची गोष्ट ९८ मिनिटांत सांगतो. मग सहा भाग बघण्यात वेळ कशाला घालवायचा, असं नव्याने बघणाऱ्याला वाटतंच.

तरीही आधी मालिकाच बघा. निदान पहिले सहा भाग, आणि जमलं तर सगळी. सिनेमा वाईट आहे म्हणून नव्हे. उलट एका बाबतीत तो मालिकेला सहज मागे टाकतो. पण तो मालिका पाहिलेल्यांसाठी बनवलेला आहे, आणि ही गोष्ट तो पहिल्याच दृश्यापासून लपवत नाही.

मालिका ऑक्टोबर १९९५ ते मार्च १९९६ या काळात टीव्ही टोकियोवर लागली. स्टुडिओ गायनॅक्स, दिग्दर्शक हिदेआकी आन्नो. पुढे आन्नोने स्वतःचा 'खारा' हा स्टुडिओ काढला आणि तिथे ही सिनेमांची मालिका हाती घेतली. १.० मध्ये नवी गोष्ट रचण्याऐवजी जुन्या मालिकेची मूळ रेखाटनं आणि दृश्यांची मांडणी आधाराला घेऊन ती नव्याने रंगवली, डिजिटल पद्धतीने जोडली आणि मोठ्या पडद्यासाठी रुंद केली. त्यामुळे मालिका नुकतीच पाहिलेल्याला कित्येक ठिकाणी 'अरे, हे तर जसंच्या तसं' असं वाटतं. कॅमेऱ्याचा कोन तोच, विजेच्या तारा त्याच, पात्राची मान वळते तीही त्याच क्षणी.

आता हिशेब बघू. २४ मिनिटांचे सहा भाग म्हणजे १४४ मिनिटं. प्रत्येक भागातलं सुरुवातीचं गाणं, शेवटची नामावली आणि पुढच्या भागाची झलक वगळली तर उरतात साधारण दोन तास. म्हणजे सिनेमात यायला वीस-पंचवीस मिनिटांना कात्री लागलेली आहे, आणि ती कुठे लागली यावर सगळा निर्णय अवलंबून आहे. लढाया कापलेल्या नाहीत. कापलंय ते चौथ्या भागातलं भटकणं.

त्या भागात शिंजी घर सोडून निघतो. लोकलमध्ये तासन् तास बसून राहतो, रात्र सिनेमागृहात काढतो, डोंगरावर जातो. तिथे त्याला वर्गातला केन्सुके भेटतो, जो एकटाच तंबू ठोकून सैनिक-सैनिक खेळत असतो. शेवटी शिंजीला परत पाठवायचं ठरतं आणि तो स्टेशनवर येतो. मिसातो धावतपळत पोचेपर्यंत गाडी सुटलेली असते. गाडी जाते आणि फलाटावर शिंजी उभाच दिसतो. यानंतर चित्र थिजतं. जवळजवळ मिनिटभर दोघं एकमेकांकडे बघत उभे, ना हालचाल, ना संवाद. मग तो घरी परतल्यावर जपानी माणूस म्हणतो ते 'तादाइमा' म्हणतो, आपण दारातून 'आलो गं' म्हणतो तसं. आणि ती 'ये' म्हणते. थिजलेल्या चित्रामुळे रेखाटनांचा खर्च वाचतो हे खरंच, पण इथे काटकसरीतून जे हाती लागलंय ते भरपूर पैसे ओतून मिळालं नसतं. सिनेमात हा फलाट नाही, तंबूही नाही. शिंजीचं पळून जाणं दोन-चार दृश्यांत उरकतं आणि मिसातोशी त्याचं नातं वेगळ्या वाटेने जुळवून आणावं लागतं.

दुसरा फरक मांडणीचा आहे. मालिकेच्या दुसऱ्या भागात लढाई ऐन मध्यावर तुटते आणि थेट रुग्णालयातलं अनोळखी छत दिसतं. लढाईत काय झालं हे शिंजीला नीट आठवत नाही आणि आपल्यालाही ठाऊक नसतं. नवं घर, नवी खोली, गादीवर पडल्यावर आठवण उसळते आणि तेव्हा कुठे ती भयानक लढाई पुरी दिसते. सिनेमा हे सगळं सरळ क्रमाने दाखवतो: लढाई, मग रुग्णालय, मग घर. समजायला सोपं, पण अंथरुणात डोळे सताड उघडे ठेवून पडलेल्या पोराची धास्ती निम्मी होते.

सिनेमा बाजी मारतो ती 'ऑपरेशन याशिमा'मध्ये. मालिकेत हे पाचव्या आणि सहाव्या भागांत येतं. एंजल म्हणजे इव्हा ज्यांच्याशी लढतात ते अजस्र शत्रू. रामिएल नावाचा एंजल हा हवेत तरंगणारा निळा अष्टफलक. जवळ येईल त्याला किरणाने जाळतो आणि खाली जमिनीत भोक पाडत राहतो. लांबून मारायचं तर पॉझिट्रॉन बंदुकीला १८ कोटी किलोवॅट, म्हणजे १,८०,००० मेगावॅट वीज हवी, म्हणून अख्ख्या जपानचे दिवे विझवून ती एका डोंगराकडे वळवायची. मालिकेतलं गणित धडधडीत आहे: दुसऱ्या इव्हातल्या रेई या मुलीच्या हातातली ढाल किरण १७ सेकंद अडवेल, आणि दुसऱ्या गोळीला २० सेकंद लागतील. तीन सेकंदांची तूट, बस. योजनेला नाव ११८५ च्या याशिमाच्या लढाईवरून दिलंय, जिथे नासू नो योइचीने होडीवरचा पंखा लांबून बाणाने टिपला होता.

मालिकेतला रामिएल जागचा हलत नाही, आणि त्याचं भय त्या निर्विकारपणातच आहे. सिनेमात तो संगणकावर घडवलाय आणि मारा करताना दर वेळी उमलतो, दुमडतो, तारा होतो, पुन्हा मिटतो. आकार भूमितीतले, पण किंकाळी जिवंत प्राण्याची. ट्रान्सफॉर्मर लादलेल्या गाड्या, केबलचे जाडजूड भारे, एकेक प्रांत काळोखात जाणं या तयारीला सिनेमा भरपूर वेळ देतो. लढाईचा घटनाक्रमही बदललाय. मालिकेत पहिल्या गोळीच्या वेळी दोन किरण एकमेकांजवळून जाताना वाकतात आणि दोघांचेही नेम चुकतात. सिनेमात गोळी लागते, पण गाभ्याला नाही. शिंजी कोलमडतो, त्याचा बाप गेंदो त्याला काढून रेईला बसवायला सांगतो आणि मिसातो त्याच्यासाठी भांडते. फलाटाची जागा सिनेमाने इथे भरून काढली आहे, आणि चांगली भरली आहे.

(जाता जाता: खऱ्या जपानात ही योजना फसली असती. पूर्वेकडची वीज ५० हर्ट्झची, पश्चिमेकडची ६० ची, आणि दोन्ही जोडणाऱ्या केंद्रांची क्षमता अगदी तोकडी. २०११ च्या भूकंपानंतर टंचाई आली तेव्हा हे सगळ्यांना कळलं, आणि त्याच दिवसांत चाहत्यांनी वीज वाचवायच्या मोहिमेला याशिमाचंच नाव दिलं.)

मग आधी सिनेमा बघितला तर काय बिघडतं? समुद्र बघा. मालिकेत तो निळा आहे, सिनेमा उघडतो तो लाल समुद्रावर. मालिकेत पहिला हल्ला करणारा एंजल तिसरा असतो, सिनेमात तोच चौथा. रामिएल पाचव्याचा सहावा होतो. मालिका माहीत असेल तर तुम्ही लगेच सावरून बसता, की इथे काहीतरी वेगळं चाललंय. माहीत नसेल तर लाल समुद्र म्हणजे निव्वळ सजावट आणि आकडे म्हणजे आकडे. शेवटच्या दृश्यात एक मुलगा बोलतो, जो मालिकेत थेट २४ व्या भागात भेटतो. नव्या माणसाला तो कोण, कळायचा मार्गच नाही.

याहून मोठं नुकसान तळघराचं. इव्हा चालवणाऱ्या संस्थेच्या मुख्यालयाच्या तळाशी काय ठेवलंय हे मालिका १५ व्या भागात अर्धवट दाखवते आणि ते खरं काय आहे हे २४ व्या भागात सांगते. सिनेमात मिसातो शिंजीला तिथे स्वतः घेऊन जाते आणि नावासकट सांगून मोकळी होते. म्हणून 'आधी सिनेमा, मग मालिका सातव्या भागापासून' हा वेळ वाचवायचा उपाय करू नका. गोष्टीचा धागा जुळल्यासारखा वाटेल, पण मालिकेने अठरा भाग जपून ठेवलेलं गुपित तुम्ही आधीच हातात घेऊन बसलेले असाल.

आणखी एक खड्डा. नेटफ्लिक्सवर मालिकेशेजारी 'डेथ' असं नाव असलेला सिनेमा दिसतो. ती पहिल्या २४ भागांतली दृश्यं तोडून, क्रम उलटापालटा करून केलेली उजळणी आहे. तिथून सुरुवात करणाऱ्याला काहीही कळत नाही. क्रम असा ठेवा: २६ भाग, मग १९९७ चा 'द एंड ऑफ इव्हँजेलियन', मग थोडे दिवस जाऊ देऊन चार सिनेमे. शेवटचे दोन भाग पाहून 'हा काय प्रकार' वाटलं तर तिथेच सोडू नका. तीच अखेर बाहेरून कशी दिसते, ते १९९७ चा सिनेमा दाखवतो.

एकच संध्याकाळ हाताशी असेल, मालिका बघणार नाही हे पक्कं असेल आणि मोठा टीव्ही असेल, तर मात्र १.० खुशाल लावा. लढाईचा सिनेमा म्हणून तो स्वतःच्या पायावर उभा आहे. रोबोटचं कार्टून समजून लहान मुलांना मात्र यातलं काहीच दाखवू नका. रक्तपात दोन्हीकडे आहे, आणि मालिकेचा उत्तरार्ध मोठ्यांनाही जड जातो.

मालिका जुन्या ४:३ चौकटीत आहे. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसणारच, त्या घालवायला टीव्हीची 'फुल स्क्रीन' सोय वापरलीत तर चेहरे चपटे होतील किंवा डोकी कापली जातील. प्राइमवरची सिनेमाची आवृत्ती १.११ आहे, चित्रपटगृहातल्यापेक्षा दोन-तीन मिनिटांनी मोठी. ती फोनवर दिवसाउजेडी बघू नका, कारण याशिमाचा बराचसा भाग रात्रीच्या अंधारात घडतो. आणि नामावली सुरू झाल्याबरोबर ॲप पुढचं काहीतरी लावायला धावतं, तेव्हा रिमोट हाताशी असू द्या. उतादा हिकारूचं 'ब्यूटिफुल वर्ल्ड' संपल्यावर मिसातोच्या आवाजात पुढच्या सिनेमाची झलक येते. त्यातलं सगळंच २.० मध्ये सापडेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.