‘उलटी झाली तर घाबरू नका’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा

माझा मुलगा अडीच वर्षांचा झाला तरी ‘आई’ म्हणत नव्हता. ज्यांच्या घरात असं लेकरू आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्यासारखीच माणसं हेरली जातात.

सासूबाईंबरोबर कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला गेले होते. महाद्वार रोडच्या एका बोळात टेबल मांडून बसलेल्या माणसानं बाळाला मागून दोन हाका मारल्या. त्यानं वळून बघितलं नाही. “ताई, पोरगं बोलत नाही न्हवं?” एवढं विचारून त्यानं बरणीतून एक मुळी काढली. तपकिरी, आडव्या वळ्यांची. मोडल्याबरोबर उग्र वास आला आणि सासूबाई म्हणाल्या, “हे तर वेखंड!”

“वेखंडच, मावशी. संस्कृतात वचा. वचा म्हणजेच वाचा. पण हे हिमालयातलं हाय.”

एकवीस पुड्या, 3,150 रुपये. रोज एक, मधातून चाटवायची. वर त्यानं आणखी एक सांगितलं: “उलटी झाली तर घाबरायचं नाही. कफ पडतोय, जीभ मोकळी होतीया.”

आम्ही फसलो ते या एका वाक्यामुळे. पहिल्याच दिवशी बाळाला उलटी झाली आणि आम्हाला औषध लागू पडतंय असं वाटलं! दुसऱ्या दिवशी तीन वेळा, तरी मी तिसरी पुडी चाटवली, माझ्या हातानं. त्या संध्याकाळी तो आठ वेळा ओकला. ओठ कोरडे पडले, मान खांद्यावरून उचलेना. रात्र दवाखान्यात सलाईन लावून काढली.

वेखंडावर आमचा विश्वास होता, कारण ते घरातलंच. न्हाऊ घातल्यावर टाळूला लावायचं, कपड्यांत ठेवायचं, गुटी उगाळताना सहाणेवर एखादा वेढा. पण त्या पुडीत चहाचा चमचा भरेल एवढी पूड होती. डॉक्टरांनी सांगितलं, वेखंड जास्त पोटात गेलं की उलट्या होतातच. आयुर्वेदातही ते वांतिकारक मानतात, पोटात द्यायचं तर आधी शोधन करतात, म्हणजे त्यातले दोष काढतात, आणि मात्रा वैद्य ठरवतो. त्यातल्या बीटा-आसारोन या घटकामुळे प्रयोगातल्या उंदरांच्या आतड्यात गाठी झाल्या होत्या. म्हणून अमेरिकेत 1968 पासून वेखंड खाद्यपदार्थांत घालायला बंदी आहे. आपल्याकडच्या वेखंडात हा घटक बराच असतो, तिकडच्या मूळ जातीत जवळपास नसतोच. हे ऐकल्यावर मी गुटीतलं वेखंडही काढून टाकलं. सासूबाईंना पटायला आठवडा लागला.

पुढं लक्ष्मीपुरीत काष्ठौषधीच्या दुकानात तीच मुळी बघितली. तोच रंग, तोच वास. पन्नास ग्रॅम तीस रुपयांना.

पैशाचं दुःख गिळलं असतं. पण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “मागून हाक मारली तर वळतो का?” मी गप्प झाले. त्या माणसानं तेच तर करून बघितलं होतं! त्याला दिसलं, आम्हाला दिसलं नाही, आणि कान तपासा असं न म्हणता त्यानं पुड्या विकल्या. तपासणीत दोन्ही कानांच्या पडद्यामागं पाणी साठलेलं निघालं. आता त्यावर उपचार चालू आहेत, बोलण्याची थेरपीही सुरू आहे. मूल बोलत नसेल तर आधी कान तपासून घ्या, जिभेकडे मागाहून बघा.

मी परत त्या बोळात गेले तेव्हा तिथं टेबल नव्हतं. शेजारचा फुलवाला म्हणाला, तो यात्रा-जत्रा बघून जागा बदलतो. उरलेल्या अठरा पुड्या मी टाकल्या नाहीत. गुलाबी कागद, वर फक्त ‘बोलकी मात्रा’ असा शिक्का. बनवणाऱ्याचं नाव नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, आत काय घातलंय तेही लिहिलेलं नाही. अशी पुडी कुणी तुमच्या हातात ठेवली, तर घेऊ नका.