फॅमिलीसर्च: तलाठ्याच्या नजरेनं अमेरिकेची जुनी मृत्युपत्रं वाचली

तीस वर्षं तलाठी होतो, यवतमाळ जिल्ह्यातले चार-पाच साझे फिरलो, आता गावीच राहतो आणि वावर पाहतो. हे आधी सांगतो, कारण ही साईट मी कशी वापरली ते त्याच्याशिवाय समजणार नाही. फॅमिलीसर्च ही पूर्वज शोधायची अमेरिकेतली साईट आहे, तिथल्या मॉर्मन चर्चची. १९३८ पासून त्यांनी जगभरच्या जुन्या दप्तरांच्या मायक्रोफिल्म काढल्या, त्या आता स्कॅन करून टाकल्या. खातं उघडायचं, पैसा लागत नाही.

झालं असं की माझा भाचा तिकडं असतो, त्याची बायको तिकडचीच. तिच्या आईची लय वर्षांची इच्छा की डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन म्हणून १८९० पासूनची बायकांची संस्था आहे तिचं मेंबर व्हायचं. त्यासाठी आपला पूर्वज अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला किंवा त्यानं त्यात मदत केली हे दाखवावं लागते, आणि तेवढ्यानंही भागत नाही, त्याच्यापासून आपल्यापर्यंत कोण कोणाचं लेकरू हे पिढी-पिढीच्या पुराव्यानं दाखवावं लागते. म्हणजे आपली वारस नोंदच की, फक्त अडीचशे वर्षांची. दिवाळीला दोघं गावी आले तेव्हा भाचा म्हणे, मामा तुम्ही जन्मभर हेच केलं, एकदा पाहा ना.

त्यांनी आधी एका पैसेवाल्या साईटवरून वंशावळ काढली होती. व्हर्जिनियाचा माणूस, नाव तिकडं गल्लोगल्ली सापडणारं. मी पाहिलं तर त्याचं मृत्युपत्र कोर्टात शाबीत झालेलं आणि त्याच्यानंतर वीस-एक वर्षांनी, त्या युद्धातल्या शिपायांना पेन्शन देणाऱ्या १८३२ च्या कायद्याखाली, त्याचाच अर्ज. मी भाच्याला म्हटलं, अरे मेलेला माणूस अर्ज कसा करंल, हे दोघं जण आहेत. आपल्याकडं एका गावात एकाच नावाचे दोन खातेदार असले तर फेरफार घेताना पहिलं काम बापाचं नाव पाहायचं आणि दुसरं काम शेजारी कोण ते पाहायचं. कुणीतरी घाईनं दोघांचं एक खातं करून टाकलं होतं आणि पुढच्या शंभर जणांनी तेच कॉपी केलं.

इथं फॅमिलीसर्चनं खरी मदत केली. २०२४ मध्ये त्यांनी फुल टेक्स्ट सर्च आणलं, म्हणजे हातानं लिहिलेलं जुनं मृत्युपत्र नाहीतर खरेदीखत मशीन स्वतः वाचते आणि त्यातला कोणताही शब्द शोधता येते. याच्या आधी इंडेक्समधी फक्त मृत्युपत्र करणाऱ्याचं नाव राहायचं. आता साक्षीदार सापडते, ज्याला घोडा दिला तो जावई सापडते, चतुःसीमेतला शेजारी सापडते. मी मूळ माणसाला शोधलंच नाही, त्याच्या मृत्युपत्रावर ज्यांनी साक्ष केली त्या तिघांना शोधलं. एकानं तर सहीच्या जागी फुली मारली आहे, आपल्या अंगठ्यासारखी. हे तिघं जिथं-जिथं निघाले ते सगळं कौंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, एका टोकाचं, एकाच नाल्याकाठचं, आणि पेन्शनवाल्याचे शेजारी दुसऱ्याच टोकाचे. दोन याद्या वहीत समोरासमोर लिहिल्या, एकही नाव सारखं नाही. त्या दिवशी कापूस वेचणीची मजुरी द्यायची राहून गेली होती, दोनदा बायकोनं हाक मारली तरी उठलो नाही.

मशीन चुकते मात्र. जुन्या अक्षरात दोन एस आले की पहिला लांब काढायचे, मशीनला तो एफ वाटते, मग जेस्सीचं जेफ्सी होते. नाव दोन-तीन प्रकारानं टाकून पाहा आणि मूळ पानाचा फोटो डोळ्यानं वाचल्याशिवाय काहीच मान्य करू नका.

मृत्युपत्र वाचायचं तर दोन तारखा पाहायच्या, लिहिल्याची आणि कोर्टात शाबीत झाल्याची, माणूस मेला तो त्याच्या मधात. आणि एखाद्या पोराचं नाव नसलं म्हणून तो पोरगा नव्हताच असं लगेच धरू नका. व्हर्जिनियात १७८७ च्या आधी मृत्युपत्र न करता मेला तर जमीन थोरल्या पोराला जायची असा कायदा होता, शिवाय कोणाला जिवंतपणीच वाटा देऊन टाकलेला राहते. हे वाचताना मला माझ्या साझ्यातल्या म्हाताऱ्यांची आठवण आली, तेही असंच करायचे, थोरल्याला आधीच वेगळं काढून द्यायचे आणि मग कागदावर फक्त धाकट्यांची नावं.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या मृत्युपत्रात गादी, लोखंडी भांडी, एक घोडी आणि त्याच ओळीत एक गुलाम बाई आणि तिचं लेकरू, लेकीच्या नावानं दिलेलं. बाईचं नुसतं पहिलं नाव, आडनाव नाही. मी ते पान बंद करून बाहेर जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी भाचेसुनेला फोनवर सांगितलं, ती बराच वेळ बोललीच नाही, मग म्हणाली मामाजी त्या बाईचं नावही लिहून ठेवा, तिचे नातू-पणतू कुठंतरी तिला शोधत असतील. लिहून ठेवलं आहे, मायक्रोफिल्मच्या रोलचा नंबर आणि इमेज नंबरसकट.

आता पेन्शनची फाईल. ती अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्जच्या ऑनलाईन कॅटलॉगमधी वाचली, तेही फुकट. १८०० च्या नोव्हेंबरात वॉर डिपार्टमेंटच्या ऑफिसला आग लागली आणि त्याच्या आधीचे अर्ज जळाले, म्हणून सापडतात ते बहुतेक नंतरचे. १८३२ च्या कायद्यात युद्धात कमीत कमी सहा महिने नोकरी झालेल्याला पेन्शन होती, गरिबी दाखवायची गरज नव्हती, पण कोर्टात उभं राहून शपथेवर सगळं सांगावं लागायचं. ठरलेले प्रश्न विचारायचे: जन्म कुठं आणि कोणत्या साली, वयाचा काही कागद आहे काय, भरती झाला तेव्हा कुठं राहत होता, त्यानंतर कुठं-कुठं राहिला, शेजारात तुला कोण ओळखते. हा पेन्शनवाला सांगते की वयाचा कागद नाही, आईनं सांगितलं तेवढंच माहीत. मला वाटलं हा माझ्या साझ्यातलाच कोणी म्हातारा बोलून राहिला, आमच्याकडंही वय विचारलं की प्लेगच्या साली जन्मलो म्हणायचे.

तो वारल्यावर त्याच्या बायकोनं पेन्शन मागितली. १८३६ आणि त्याच्या पुढच्या कायद्यांनी विधवांना ती मिळू लागली, पण लग्न कधी झालं ते सिद्ध करावं लागायचं, आणि लग्नाचा दाखला कुठून आणणार, म्हणून लोकं घरच्या बायबलचं पान फाडून जोडायचे ज्यावर लग्न आणि लेकरांचे जन्म लिहिलेले राहत. फाईलमधी ते पान आहे. सात लेकरं, पाचवा भाचेसुनेचा पूर्वज. मृत्युपत्रवाल्याच्या पोरांत तो कुठंच नव्हता. व्हिडिओ कॉलवर तिच्या आईला ते पान दाखवलं, त्या रडल्या, मलाही भरून आलं.

पाच पैकी पाच देतो, पण काही गोष्टी ध्यानात ठेवा. फॅमिलीसर्चवर सगळ्यांनी मिळून भरायचं वंशावळीचं एक सामाईक झाड आहे, ते कोणीही बदलू शकते, त्याला पुरावा समजू नका, पुरावा म्हणजे मूळ कागदाचा फोटो. काही रोल फक्त त्यांच्या केंद्रात किंवा जोडलेल्या लायब्ररीतच दिसतात, अशा वेळी तिकडं राहणाऱ्या नातेवाइकाला सांगा. १८५० च्या आधीच्या जनगणनेत फक्त घराच्या कर्त्याचं नाव राहते, म्हणून मृत्युपत्र आणि फौजेचे कागद याच्याशिवाय इलाज नाही. व्हर्जिनियात लय कोर्टांची दप्तरं पुढं १८६१-६५ च्या यादवी युद्धात जळाली, आपली कौंटी त्यातली आहे का ते आधी पाहा, नाहीतर महिनाभर नसलेलं शोधत बसाल. आणि मोबाईलवर नका करू, डोळे जातात, लॅपटॉप घ्या. मी पहाटे पाचला बसायचो, तेव्हा नेटही चांगलं राहते आणि तिकडं संध्याकाळ असते म्हणून काही अडलं तर लगेच विचारता येते.

मेंबर व्हायचा अर्ज मागच्या महिन्यात गेला, एकेका पिढीला एक कागद लावून. उत्तर यायचं आहे.